सरळ हँडलची रेसर

पुण्याहून आलेला मुलगा सायकलीपुढे फरशीवर मांडी घालून बसला होता. जुन्या रेसर सायकली शोधतो, त्या कुठल्या सालच्या ते हुडकतो आणि मुळात होत्या तशा करतो, असं त्याने फोनवर सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, ये बाबा, बघून जा, पण देईनच असं नाही. तो आला, चपला बाहेर काढून आला, तेव्हाच मला जरा बरा वाटला.

पुढच्या चाकाच्या चिमट्यावर एके ठिकाणी रंगाचा टवका उडालेला आहे. तिथे त्याने नख लावलं. वर निळा, खाली मरून, त्याखाली पुन्हा निळा, मग पोपटी, मग हिरवा. "आजी, किती थर आहेत हो हे! आणि रेसरला सरळ हँडल? कॅरिअर? चेनकव्हर? कुणी केलं हे सगळं?" एखादा डॉक्टर आधीच्या डॉक्टरबद्दल विचारतो ना, तसा त्याचा आवाज होता.

"घरातल्याच माणसाने," मी म्हटलं, आणि चहाचं निमित्त करून आत आले.

चहा टाकला नाही. नुसती ओट्याला टेकून उभी राहिले. त्याने चिंधीवर रॉकेलसारखं काहीतरी ओतलं होतं, त्याचा वास आतपर्यंत आला. हा वास या घरात किती वर्षांत आला नव्हता. एके काळी इथे त्याच्याशिवाय दुसरा वास नसायचा. म्हणजे असायचा, गरम पिठाचा. पुढच्या खोलीत आमच्या अप्पांची पिठाची गिरणी होती. पट्टा दिवसभर फटफट वाजायचा, आणि अप्पा संध्याकाळी बाहेर यायचे तेव्हा भुवया, मिशा, कानांवरचे केस सगळं पांढरं. अव्वा, म्हणजे आमची आई, म्हणायची, रोज संध्याकाळी माझ्याकडे एक म्हातारा येतो आणि आंघोळ करून तरणा होतो. अव्वा लाडात आली की कानडी बोलायची आणि रागावली की मराठी. सोलापुरात आमच्यासारख्या घरांतून हे असंच चालायचं.

गिरणीच्या मागे पत्र्याची शेड होती. ती माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची. रॉकेलचा वास तिथला.

बहात्तरच्या दुष्काळाच्या वर्षांत खेड्यांतून शहरात काय काय आलं. पितळेची घंगाळं आली, बैलगाडीच्या धावा आल्या, आणि सायकली आल्या. जुन्या बाजारात भंगाराचे ढीग लागायचे. लोक काळ्या, दणकट सायकली निवडायचे. अण्णा त्यांच्याकडे बघायचाही नाही. त्याला हव्या असायच्या त्या बारीक चाकांच्या, मेंढ्याच्या शिंगांसारख्या वाकड्या हँडलच्या. कुणा साहेबाने मागे टाकलेल्या, कुणा मॅनेजरच्या पोराने हौसेने आणून गंजत ठेवलेल्या. चाकं असायची तर चेन नसायची, चेन असायची तर सीट नसायची. तो सांगाडा खांद्यावर टाकून अण्णा बोळातून येताना दिसला की अव्वा भाकरी थापता थापता म्हणायची, "आला बघ, हाडं घिऊन."

मग ती हाडं शेडमध्ये उलटी ठेवली जायची. पहिल्या दिवशी अण्णा काहीच करायचा नाही. नुसता बघत बसायचा. सीटच्या नळीवर खाली कोरलेला नंबर असायचा, तो अण्णा ओल्या फडक्याने पुसायचा. मागच्या हबवर कधी कधी सालाचे दोन आकडे सापडायचे. नळ्यांचे जोड कसे कातरलेत, टोकाला निमुळते की बोथट, त्यावरून तो काही ठरवायचा. हे सगळं झालं की मला हाक मारायचा. "ये गं. ही बघ तुझी थोरली बहीण. अव्वा परकर घालत हुती, तवाची हाय ही." कुठल्याही सायकलीचं साल तो आकड्यात सांगायचा नाही. ही अप्पांच्या मुंजीच्या वयाची, असं म्हणायचा, आणि मी म्हणायचे, आपल्यात कुठं रे मुंज असते. मग तो हसायचा. त्याचे पुढचे दोन दात जरा एकमेकांवर चढलेले होते. हसला की ते दिसायचे. आता कुणालाच ते आठवत नसतील, माझ्याशिवाय.

गंज काढायला चिंच लागायची. त्यामुळे आमच्या बरणीतली चिंच कधी उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत टिकली नाही, आणि आमटी आंबट झाली नाही की अप्पा न विचारताच शेडकडे बघायचे. चिंच आणि राख लावून घासलं की काळ्याठिक्कर रिममधून आधी तांबूस आणि मग रुपेरी काहीतरी वर यायचं. छर्रे रॉकेलच्या बशीत बुडवलेले असायचे. मी ते बोटाने ढवळायचे, त्यांचा बारीक किणकिण आवाज यायचा. चाकाचा आऊट काढताना, म्हणजे डुगडुगणारं चाक सरळ करताना, अण्णा एकेक तार छेडायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. दुपारी पत्रा उन्हाने कडकड वाजायचा, गिरणीचा पट्टा फटफटायचा, लांबून मिलचा भोंगा व्हायचा, आणि या सगळ्यातून त्याला त्या तारेचा आवाज बरोब्बर ऐकू यायचा.

एकच नियम होता. रंगाला हात लावायचा नाही. "रंग गेला की सायकल गेली," तो म्हणायचा. खोबरेलात बुडवलेल्या कापसाने तो मूळ रंग हळूहळू पुसायचा. तान्ह्या पोराची टाळू भरतात ना, अगदी तसं. धुळीखालून जुनं काही दिसायला लागलं की तो श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

अप्पांना यातलं काही कळायचं नाही. वाईट माणूस नव्हते हो ते. पण सायकल म्हणजे तिच्यावर पोतं ठेवता आलं पाहिजे, हा त्यांचा हिशेब. "ना कॅरिअर, ना घंटी, ना मडगार्ड," ते म्हणायचे. "ही सायकल हाय का उंदराचा सापळा? आणि ह्ये हँडल! माणूस ह्याच्यावर बसला की देवाला दंडवत घातल्यागत दिसतंय की." अण्णा खाली मान घालून हसायचा. अप्पासुद्धा मग हसायचे. भांडण असं आमच्या घरात कधी झालंच नाही. कुणी कुणाला दुखवायचं नाही, मनातलं मनात ठेवायचं, हीच आमच्याकडची रीत. तिचा मला आता राग येतो.

ही सायकल, जिच्यापुढे आत्ता तो पुण्याचा मुलगा बसला आहे, ती हुसेनचाचांची.

चाचा आमच्या गिरणीवर दळण घेऊन यायचे. तरुणपणी ते एका इंग्रज साहेबाकडे होते. साहेब मायदेशी गेला आणि जाताना आपली रेसर त्यांना देऊन गेला. तिच्यावरून चाचा विजापूरच्या रस्त्याने शर्यती मारायचे म्हणे. पुढे संसार, पुढे म्हातारपण, आणि मग डोळे गेले. सायकल परसात कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून पडली होती. अण्णाने ती पाहिली आणि त्या दिवशी तो जेवला नाही. अव्वा "बारो, ऊटा माडु", ये रे, जेव, म्हणून हाका मारून थकली.

चाचांनी ती त्याला देऊन टाकली. एकच गोष्ट मागितली. "जैसी थी वैसी कर दे, बेटा. मैं देख तो नहीं सकता, पर एक बार मेरेकू वो हँडल पकडना है. बस." दसरा झाला की ते लेकीकडे हैदराबादला कायमचे जाणार होते. त्याआधी व्हायला हवी होती.

त्या पावसाळ्यात अण्णाने दुसऱ्या कुठल्याही सायकलीला हात लावला नाही. कोंबड्यांची घाण खरवडून, चिखल भिजवून, कापूस फिरवत फिरवत आत गेल्यावर एक गडद निळा रंग निघाला. आणि त्या निळ्यावर, नळीच्या लांबीने, कुणीतरी हाताने ओढलेली बारीक सोनेरी रेघ. अण्णाने माझं बोट धरून तिच्यावरून फिरवलं. रेघ किंचित उंच लागायची. "कळतंय न्हवं?" तो म्हणाला. "चाचांस्नीबी कळंल. डोळं कशाला पायजेत?" मी त्याला इतकं सुखी नंतर कधी पाहिलं नाही.

त्याच दिवसांत अण्णाला सूतगिरणीत नोकरी लागली. अप्पांनी पेढे वाटले. गिरणीत येईल त्याला सांगितलं, दळण राहिलं बाजूला. त्यांना मुलासाठी काहीतरी करायचं होतं, मोठं, लक्षात राहील असं. आणि त्यांच्यासारख्या माणसाला जे सुचणार तेच त्यांना सुचलं.

खंडेनवमीच्या आधी अव्वाने अण्णाला मावशीकडे वळसंगला धाडलं, काही बारशाचं होतं. सायकल तयारच होती. हँडलला कापडी पट्टी गुंडाळायची तेवढी राहिली होती. अण्णा गेला, आणि अप्पांनी सायकल उचलून नेली. ट्रकवर मोर आणि कमळं काढणारा एक पेंटर त्यांच्या ओळखीचा होता. त्याने आधी पॉलिशपेपरने सगळं घासून लोखंड उघडं केलं, खड्ड्यांत लांबीचा लेप भरला, आणि वर झळझळीत हिरवा रंग मारला. मग एका दुकानातून सरळ हँडल, घंटी, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड. चेनकव्हरवर लाल-पिवळ्या अक्षरांत अण्णाचं नाव. वर "सिद्धेश्वर प्रसन्न". वाकडं हँडल दुकानदाराने भंगारात टाकलं.

खंडेनवमीला आमच्याकडे गिरणीची पूजा व्हायची. जात्याला हळदकुंकू, पट्ट्याला झेंडूची माळ, मोटारीपुढे नारळ. त्या दिवशी गिरणी बंद, त्यामुळे घरात एक वेगळीच शांतता असायची. अण्णा वळसंगहून सकाळच्या गाडीने आला. दारातून आत आला, तर जात्याशेजारी हार घातलेली, उदबत्ती लावलेली हिरवी सायकल उभी.

"वळख बघू," अप्पा म्हणाले. त्यांनी नवा सदरा घातला होता. भुवयांना पीठ नव्हतं, त्यामुळे त्यांचं तोंड अगदी उघडं, लहान मुलासारखं दिसत होतं. "वळख की! तुझीच हाय. आता साहेबागत जा नोकरीला."

अण्णाने ओळखली. मी त्याच्या मागेच उभी होते, मला त्याची फक्त मान दिसत होती. तो पुढे गेला, वाकला, आणि हात सायकलीला न लावता अप्पांच्या पायांना लावला. "लई भारी केलीसा, अप्पा," तो म्हणाला. अप्पांनी त्याला उठवलं, आणि त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं. मी मागे जाऊन रिकाम्या शेडमध्ये उभी राहिले आणि ओढणी तोंडात कोंबून रडले.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी दसरा. "चल," अप्पा म्हणाले, "म्हाताऱ्याला सोनं बी दिऊ आणि सायकलबी दावू. तू शब्द दिलावता न्हवं?" अण्णा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, अप्पा, नंतर जाईन." "नंतर कवा? त्ये चाललं की हैदराबादला."

आम्ही तिघं गेलो. सायकल अप्पांनी स्वतः धरली होती. वाटेत भेटेल त्याला घंटी वाजवून दाखवत होते.

चाचांचं सामान बांधून झालं होतं. ट्रंकेवर ते बसले होते. त्यांच्या हातात आपट्याची पानं दिली. मग अण्णाने सायकल त्यांच्यापुढे आणली. चाचा उठले. अंदाज घेत पुढे सरकले आणि पाठीत वाकले, जुन्या सवयीने, आणि दोन्ही हात पुढे आणि खाली गेले. जिथे वाकडं हँडल असायला हवं होतं तिथे. मुठी मिटल्या. आत हवा होती.

ते तसेच वाकून राहिले क्षणभर. मग हात वर आले, सरळ हँडल सापडलं. अंगठा नळीवर गेला, रंगाच्या जाड, गुळगुळीत सायीवरून पुढे मागे फिरला, रेघ शोधत. अण्णा जमिनीकडे बघत होता. चाचांनी मान वळवली, त्याच्या श्वासाच्या दिशेने, आणि मग अप्पांच्या दिशेने. अप्पा बोलतच होते, "घंटीबी नवी हाय बघा, चाचा!" आणि त्या म्हाताऱ्याने घंटी शोधली. वाजवली. पुन्हा वाजवली. हसून म्हणाले, "वाह! तुमारा बच्चा भोत मेहनत कऱ्या, मालक. भोत अच्छी बनी है." निघताना त्यांनी अण्णाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्यानंतर अण्णाने शेडमध्ये काही केलं नाही. मंगळवारी जुन्या बाजारात जाऊन ते हँडल शोधायचा, ते सापडलं नाही. बाकीच्या सायकली मागेल त्याला देऊन टाकल्या. एक दूधवाल्याला, एक माळशिरसच्या पाहुण्यांना. त्यांना सरळ हँडल हवं असेल तर तेही स्वतःच बसवून दिलं. आमटी पुन्हा आंबट व्हायला लागली. हिरव्या सायकलीवरून तो रोज नोकरीला जायचा, कॅरिअरला डबा लावून, त्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. ताठ बसून जायचा, अप्पांना हवं होतं तसा.

आणि दरवर्षी खंडेनवमीला अप्पा तिला नवा रंग द्यायचे. पेंटरकडे न देता आपल्या हाताने. एका वर्षी पोपटी, एका वर्षी निळा. काही उघडायचं नाही, काढायचं नाही, ब्रश बुडवायचा आणि फिरवायचा. नट, बोल्ट, काही सुटायचं नाही. अण्णा डबा धरून बाजूला उभा राहायचा. "अप्पा, हितं ऱ्हायलंय," असं दाखवायचा. अप्पा तिथे ब्रश लावायचे. बापलेकांची ती सकाळ बघून कुणालाही हेवा वाटला असता.

अण्णा गेला तेव्हा त्याच्यासाठी मुली बघणं चाललं होतं. कशाने गेला ते सांगून काही होणार नाही. दशक संपत आलं होतं, उजनी धरणाचं पाणी गावांत शिरत होतं, सगळीकडे लोक काहीतरी सोडून निघत होते. आमच्याकडून तो निघाला.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला अप्पा पहाटेच उठून बाहेर गेले. मला वाटलं, झेंडू आणायला. परत आले तर काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. गिरणीच्या उंबऱ्यावर बसून त्यांनी ते सोडलं. वाकडं हँडल होतं. ते नव्हे, दुसरंच, कुठल्यातरी हलक्या सायकलीचं, एका बाजूला चेपलेलं.

"ह्ये बसंल का गं तिला?" त्यांनी विचारलं.

त्यांनी पाना घेतला. मी पुढचं चाक गुडघ्यांत धरलं, अण्णासाठी धरायचे तसं. पाना बसेना. बोल्टच्या डोक्याला कोपरेच उरले नव्हते. पोपटी, निळा, मरून, वर्षावर्षांचा रंग साचून तो अगदी गोल झाला होता. अप्पांनी चाकूच्या टोकाने खरवडलं. हातोडीने ठोकलं. दोन्ही हातांनी हँडल धरून पिळलं. सायकल पूर्ण हलायची, हँडल जागचं हलायचं नाही. घामाने त्यांचा सदरा भिजला.

"ऱ्हाऊ द्या, अप्पा."

"मला त्याच दिशी कळलं हुतं," ते बोल्टकडे बघत म्हणाले. "पाया पडला न्हवं का, तवाच. हात थंडगार हुतं पोराचं. मला वाटलं, बोलंल. आज न्हाय उद्या बोलंल. दरसाल वाटायचं, आता म्हणंल, अप्पा, रंग नगं. म्हटला असता तर म्या हातानं समदं काढलं असतं की गं." मग सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसत, "त्यो डबा धरून हुबा ऱ्हायचा. मला वाटायचं, आवडलं असंल आता."

ते पुन्हा पाना लावायला लागले. मी चाक धरून ठेवलं. दुसरं काय करणार होते मी? बोल्ट काही निघाला नाही.

पुढे अप्पाही गेले, अव्वाही. गिरणी बंद झाली. सायकल राहिली. ती मी कधी पुसली नाही आणि कधी हलवलीही नाही.

मी रिकाम्या हातांनी बाहेर आले. चहाचं त्या मुलाने विचारलं नाही. तो हँडलच्या बोल्टपाशी डोकं घालून बसला होता. "जाम झालंय," तो म्हणाला, "पण निघेल, आजी. आधी हा सगळा रंग उतरवावा लागेल. त्याखेरीज सालसुद्धा कळणार नाही. माझ्याकडे औषध आहे, लावलं की सगळे थर साल निघाल्यासारखे एकदम सुटतात. तुमची परवानगी असेल तर थोडंसं इथंच करून दाखवतो."

त्याने बाटलीचं झाकण फिरवायला घेतलं. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"ने तू ही," मी म्हटलं. "सगळा रंग काढ. अगदी पहिल्या हिरव्यासकट. पण इथं नको रे बाबा. तुझ्या घरी नेऊन काढ."